तिचा होकार, तिचा नकार

मंडळीतल्या तरुणांचं शिबिर असलं की एक भाषण ठरलेलं असतं: सिनेमाची गाणी आणि ख्रिस्ती तरुण. वक्ते ज्येष्ठ असतात, कळकळीने बोलतात. ही गाणी वासनेची आहेत, ती ऐकू नका, भक्तिगीतं ऐका, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. पोरं माना डोलावतात आणि परतीच्या बसमध्ये तीच गाणी लावतात. माझी तक्रार पोरांबद्दल नाही, त्या भाषणाबद्दल आहे. गाण्यात शरीराची ओढ आहे एवढाच आरोप आपण करत राहिलो, तर पवित्र शास्त्रातलं एक अख्खं पुस्तक आपल्याला मिटून ठेवावं लागतं. शिवाय गाण्यात जे खरोखर वाईट आहे, त्याकडे लक्ष जातच नाही.

गीतरत्नाचे आठ अध्याय आहेत. सुरुवात एका मुलीच्या बोलण्याने होते आणि तिचं पहिलंच मागणं चुंबनाचं आहे. पुढे केस, डोळे, मान, स्तन, द्राक्षमळे, डाळिंबं असं सगळं संकोच न ठेवता येतं. चर्चने शतकानुशतकं त्याचा रूपकार्थ लावला: वर म्हणजे ख्रिस्त, वधू म्हणजे मंडळी. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने या पुस्तकावर ८६ प्रवचनं रचली, तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोचला. त्या भक्तीपुढे मी नम्र आहे. पण रूपकाच्या आड ती दोन हाडामांसाची माणसं दिसेनाशी झाली हेही खरं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं २००५ सालचं पहिलं परिपत्रक प्रेमावरच होतं. ख्रिस्ती धर्माने स्त्री-पुरुषांमधल्या ओढीत विष कालवलं, हा नीत्शेचा आरोप त्यांनी त्यात स्वतःहून मांडला आणि उत्तर दिलं की ही ओढ नाकारायची नाही, तिला शुद्ध होऊ द्यायचं आहे. मी प्रॉटेस्टंट घरात वाढलो, तरी आमच्या व्यासपीठावरून याहून नेमकं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

मला मात्र गीतरत्नातली ती मुलगीच महत्त्वाची वाटते. तिचे भाऊ तिच्यावर रागावलेले आहेत, त्यांनी तिला मळ्याच्या राखणीला लावलंय. रात्री प्रियकराला शोधत ती गावात फिरते, तेव्हा पहारेकरी तिला मारतात आणि अंगावरचं वस्त्र हिसकावून घेतात. शेवटच्या अध्यायात तिच्याभोवती तट कसा बांधायचा याची चर्चा होते, तेव्हा मी स्वतःच तट आहे असं ती ठणकावते. प्रेमाला वेळेआधी जागं करू नका, ही विनवणी त्या पुस्तकात तीनदा येते. तिथलं सगळं प्रेम तिच्या आवाजावर उभं आहे. ती बोलावते तेव्हा तो येतो.

आता १९९३ सालचा 'डर' आठवा. मुलीचा पाठलाग करणारा, तिला घाबरवणारा, शेवटी नायकाच्या हातून मरणारा राहुल. सिनेमाने त्याला विकृतच दाखवलं होतं. पण त्याच्या तोंडचं गाणं, आनंद बक्षींच्या शब्दांचं, शिव-हरींच्या चालीचं आणि उदित नारायणच्या गोड गळ्यातलं, सिनेमापासून सुटं झालं आणि प्रेमगीत म्हणून घरोघरी पोचलं. त्या गाण्यात मुलीच्या उत्तराला काडीची किंमत नाही. ती काहीही म्हणो, ती त्याचीच ठरलेली आहे. तीस वर्षं आपण ते लग्नात, गॅदरिंगमध्ये, वाढदिवसाला गुणगुणत आलो. एखाद्या उघड्यावाघड्या आयटम साँगवर जेवढा संताप होतो, त्याचा दहावा हिस्साही यावर झाला नाही.

आमच्याच नात्यातल्या एका हळदीच्या रात्री मी हे जवळून पाहिलं. डीजेने असंच एक पिच्छा पुरवणारं गाणं लावलं होतं. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा हिरोसारखं बोट रोखून एका मुलीभोवती नाचायला लागला. ती आईच्या पदराआड गेली. तो तिकडून वळसा घालून आला. ती दुसऱ्या बाजूला सरकली. चार मोबाइल वर झाले, शिट्ट्या पडल्या, आणि आईनेच हसत हसत तिला खांद्याला धरून पुढे केलं. मुलाचा यात काय दोष? मुलगी मागे सरकली की आपण पुढे जायचं आणि मग टाळ्या मिळतात, हे त्या अंगणातल्या मोठ्या माणसांनी त्याला शिकवलं. त्यात मंडळीचे दोन वडीलही बसलेले होते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर जीव टाकतो. तो झुरतो, वाळतो, आजारी पडतो. गाण्यातल्या प्रेमिकाची सगळी लक्षणं त्याच्यात आहेत. योनादाब नावाचा त्याचा हुशार मित्र त्याला युक्ती सांगतो: आजाराचं सोंग घेऊन पडून राहा आणि तिला जेवण करायला बोलाव. तामार येते, पीठ मळते, त्याच्यासमोर भाजते. तो सगळ्यांना बाहेर काढतो. ती नाही म्हणते, आणि नुसतं नाही म्हणत नाही, कारणं देते, मार्ग सुचवते, राजाशी बोल म्हणून विनवते. तो ऐकत नाही. बळजबरी झाल्यावर आधीच्या प्रेमाहून मोठा द्वेष त्याच्या मनात भरतो आणि तो तिला बाहेर काढून दाराला अडसर लावायला सांगतो. शास्त्राने इथे काहीही झाकलेलं नाही. जिचा नकार ऐकायचाच नव्हता, तिच्यावर त्याचं प्रेम कधी नव्हतंच.

मला आपल्या गाण्यांत योनादाब दिसतो. तो स्वतः काही करत नाही, फक्त कानाशी बसून उपाय सांगतो. गाण्यामुळे गुन्हा घडतो असं मी म्हणणार नाही. तेवढं सोपं असतं तर गाणी बंद करून भागलं असतं. पण १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा द्यायला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळलं गेलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजवर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं. अशा राज्यात नकाराची थट्टा करणारं गाणं निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

आणि दावीद? तो फार संतापला, एवढंच शास्त्र सांगतं. त्याने केलं काहीच नाही. आपली मंडळी तिथेच उभी आहे. उलट आपण मुलींच्या कपड्यांवर प्रवचन करतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वाईट नजरेची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकली आणि उपटून टाकायला सांगितला तो त्याचाच डोळा. गाणं म्हणतं, तुझ्या रूपाने मला वेडं केलं. व्यासपीठ म्हणतं, तू नीट राहा म्हणजे तो वेडा होणार नाही. दोघांनीही दोष तिच्याच पदरात घातला.

नकाराइतकाच तिचा होकारही आपण हिरावतो. २०१६ साली 'सैराट' आला. अजय-अतुलच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, ख्रिस्ती वराती त्यात मागे नव्हत्या. त्या सिनेमात मुलगी नजर रोखून पाहते, बुलेट चालवते, स्वतः निवड करते. त्या ओढीत मला पाप दिसलं नाही. पाप शेवटी त्या दोघांच्या घरात शिरलेल्या तिच्या माहेरच्या माणसांनी केलं. आता आपल्या घरांत डोकावून पाहा. धर्मांतराला तीन-चार पिढ्या लोटल्या, तरी स्थळ आलं की आजोबा-पणजोबांची जात हळूच विचारली जाते. मुलीने स्वतः कुणाचं नाव घेतलं की गीतरत्नातले भाऊ आणि पहारेकरी आपल्याच ओसरीवर उभे राहतात. वेदीसमोर पाळक वधूला सर्वांदेखत विचारतात, तुला हा पती म्हणून मान्य आहे का. कॅथलिक चर्चच्या कायद्यात तर संमतीनेच विवाह घडतो आणि धाकाने वदवलेली संमती विवाह ठरत नाही. एवढा मोठा प्रश्न आपण विधीत ठेवला आणि घरी तो कधी विचारलाच नाही.

म्हणून मे महिन्यातल्या शिबिरासाठी माझी विनंती आहे. ते ठरलेलं भाषण रद्द करा. पोरांच्या मोबाइलमधली गाणी त्यांनाच लावू द्या आणि प्रत्येक गाण्याला विचारा: यात ती बोलते का, आणि ती नाही म्हणाली तर तो काय करतो? मग तामारचा अध्याय सगळा वाचा, गाळू नका. गीतरत्न वाचताना मुलीचे शब्द मुलींनाच वाचू द्या. चर्चेत आधी त्यांना बोलू द्या, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत वडील, पाळक आणि माझ्यासारखे लेखक यांनी मध्ये तोंड घालू नये.