वचनाचे प्रामाण्य

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या लेक्सिंग्टन शहरात १८७७ साली एक जाहीरनामा निघाला. ज्या कृष्णवर्णीय लोकांना कॅन्सासला जावयाचे असेल त्यांनी पाच डॉलर भरले म्हणजे त्यांना ५ सप्टेंबर रोजी निघता येईल, एवढाच त्यातील मुख्य मजकूर होता. पण जे कागदावर नव्हते ते, कॅन्सासात निकोडेमस नावाचे गाव वसवू पाहणाऱ्या निकोडेमस टाउन कंपनीचे प्रचारक तोंडी सांगत फिरत होते, की सॉलोमन नदीच्या खोऱ्यात जमीन कसदार आहे, शिकार मुबलक आहे आणि धरून माणसाळवता येतील असे रानघोडेसुद्धा तेथे मोकळे हिंडत आहेत. कंपनीच्या सात भागीदारांपैकी सहा कृष्णवर्णीय होते आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे तिचे अध्यक्ष होते; सातवा गृहस्थ डब्ल्यू. आर. हिल हा गोरा असून ओसाड माळावर गावे आखून जागा विकणे हा त्याचा धंदा होता.

ऐकणाऱ्यांना भोळे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. यादवी युद्ध संपून बारा वर्षे लोटली होती. गुलामगिरी कायद्याने गेली होती, परंतु जमीन जुन्या धन्यांकडेच राहिल्यामुळे मुक्त झालेला माणूस त्याच शेतांवर वाट्याने राबत होता, दुकानदाराच्या वहीतील उधारीत गुरफटत होता, आणि १८७७ च्या वसंतात दक्षिणेतील उरल्यासुरल्या सरकारी पलटणी बराकीत परत गेल्यावर त्याच्या मताधिकाराला वाली असा कोणी राहिला नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांच्या औदार्याची आठवण ठेवून त्यांनाच अर्पण केली होती. त्या अर्पणपत्रिकेला चार वर्षे होतात न होतात तोच ते औदार्य थकून गेले होते. अशा वेळी, ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या दास्यात मिसर देशातून सुटलेल्या इस्राएलाची कथा स्वतःची म्हणून उराशी धरली होती, त्याला पश्चिमेकडे जमीन आहे असे कोणी सांगितले तर ती बातमी बाजारभावासारखी तपासून घेण्याची नव्हती. ती वचनदत्त देशाची वार्ता होती, आणि तशी वार्ता ऐकण्यासाठी कान कित्येक वर्षे तयार होऊन बसले होते.

गावाचे नाव, मराठी बायबलात निकदेम म्हणून येणाऱ्या आणि म्हातारपणी माणूस पुन्हा जन्म कसा घेणार असे येशूला रात्री येऊन विचारणाऱ्या परुश्यावरून पडले, की हेन्री क्ले वर्कच्या १८६४ सालच्या गाण्यातील त्याच नावाच्या गुलामावरून, याविषयी दोन मते आहेत. कोणतेही खरे धरले तरी पुढे जे घडले त्यात फरक पडत नाही.

१८७८ च्या वसंतात केंटकीतील जॉर्जटाउनहून आलेल्या तुकडीत विलियाना हिकमन ही धर्मोपदेशक डॅनियल हिकमन यांची पत्नी होती. रेल्वे एलिस स्टेशनापर्यंतच. तेथे तळ पडला असता गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्यांना मातीआड करून ही मंडळी उत्तरेकडे निघाली. पुढे रस्ता असा नव्हताच. हरणांच्या वाटा आणि होकायंत्र यांच्या आधारावर दिवस काढायचे आणि रात्री श्वापदे जवळ येऊ नयेत म्हणून जाळ करून बसायचे, असा प्रवास करता करता एके ठिकाणी पुरुषांनी एकदम आनंदाचा घोष केला की निकोडेमस आले! ती आजारी होती. उठून पाहते तो सपाट माळाशिवाय काही नाही. गाव कोठे, असे तिने विचारले तेव्हा नवऱ्याने बोट दाखविले, आणि ठिकठिकाणी जमिनीतूनच धूर वर येत असलेला तिला दिसला. घरे जमिनीच्या पोटात होती. उतारात खड्डा खणायचा, त्यावर मिळतील त्या फांद्या टाकून गवताच्या मुळांसकट कापलेली ढेकळे रचायची आणि शेगडीची नळी त्यातून वर काढायची, अशी ती बिळासारखी वस्ती. लाकूड नसल्यामुळे जळण म्हणजे सूर्यफुलांची वाळलेली ताटे किंवा रानगव्यांचे शेण. ते सगळे पाहून आपल्याला रडू कोसळले, असे तिने पुढे म्हातारपणी सांगितले आहे.

त्या रडण्यातून जो प्रश्न उभा राहतो त्याला मी धर्मशास्त्राचा प्रश्न समजतो. वचन देणारा अप्रामाणिक असेल तर वचन खरे ठरू शकते काय?

नैयायिकाला विचारले तर तो क्षणाचाही विचार न करता नाही म्हणेल. त्याच्या मते शब्द हे प्रमाण होते ते आप्ताचा शब्द म्हणून. वस्तुस्थिती प्रत्यक्ष जाणणारा आणि जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणारा तो आप्त. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लावले असल्यामुळे (पुढच्या काळातील आपल्या पंडितांपेक्षा त्याचे मन मोठे होते) हिलसाहेबांनाही ते लावून पाहायला हरकत नाही. हिलने जमीन पाहिली होती, तेव्हा पहिली अट पुरी होते. दुसरीत तो सपशेल नापास होतो. तेव्हा त्याचे वाक्य अप्रमाण, आणि खटला निकालात.

मीमांसक मात्र इतक्या लवकर फाईल बंद करणार नाही. त्याच्या दृष्टीने श्रुतिवाक्याचे खरे तात्पर्य विधीत असते, काय करावे हे सांगण्यात असते. वस्तूंची जी स्तुती भोवती येते ती अर्थवाद, आणि अर्थवादाचे काम मनुष्याला कर्माकडे वळविणे एवढेच असल्यामुळे त्याची अक्षरशः झडती घ्यावयाची नसते. या नजरेने पाहिले तर रानघोडे आणि मुबलक शिकार हा अर्थवाद होता. विधी एवढाच, की निघा. आणि तो विधी ज्यांनी पाळला त्यांना फळ मिळाले नाही असे म्हणता येत नाही. जमीन मिळाली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मालकीहक्काने मिळत होती, आणि ज्यांचा बाप स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत लिहिला गेला होता त्यांच्या नावाच्या सनदा सरकारी दफ्तरात चढल्या.

युक्तिवाद मोहक आहे, आणि म्हणूनच त्याला आवर घातला पाहिजे. मीमांसकाचे वेद अपौरुषेय असतात. त्या वाक्यांमागे कोणी बोलणारा नसतो आणि त्यावर कोणी दलाली घेत नाही. येथे मात्र दरडोई पाच डॉलर वसूल झाले होते. पहिल्या तुकडीतील लोकांनी चिडून हिलला फासावर चढविण्याचा बेत केला आणि त्याला लपून बसावे लागले, अशी कथा आहे. पुष्कळ कुटुंबे आल्या पावली परत गेली, आणि परतणाऱ्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार निदान आरामखुर्चीत बसून लिहिणाऱ्याला नाही. पाठीमागून आलेल्या फळाने आधीची फसवणूक धुऊन निघत असती, तर जगातील प्रत्येक ठकाला ईश्वरी योजनेचा मुनीम म्हणून मिरवता आले असते.

मला वाटते, न्याय आणि मीमांसा या दोहोंच्या हातून एक गोष्ट निसटते. वचन देणारा आणि वचन पाळणारा एकच असला पाहिजे असे दोघेही गृहीत धरतात. निकोडेमसमध्ये वचन एका हातातून दुसऱ्या हातात गेले. जे राहिले त्यांनी पहिल्या वर्षी नांगर आणि जनावरे पुरेशी नसल्यामुळे कुदळ-फावड्यांनी जमीन फोडली; पुरुष रेल्वेच्या कामावर मजुरीसाठी दूरवर पायी गेले; जेनी फ्लेचरने जमिनीतल्या घरातच मुलांची शाळा मांडली आणि तिचा नवरा झकारी फ्लेचर याने पोस्ट सांभाळता सांभाळता सेंट फ्रान्सिस नावाचे हॉटेल काढले. १८८५ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट पंथीयांचे चुनखडीच्या दगडाचे चर्च उभे राहिले. पाठोपाठ गावात दोन वृत्तपत्रे निघू लागली. शिकागोहून येऊन येथे स्थायिक झालेला एडवर्ड मकेब १८८२ साली कॅन्सास राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला, आणि सबंध राज्याच्या मतदारांनी निवडलेला त्या राज्यातील तो पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. ज्यांना वचन मिळाले होते त्यांनीच ते असे आपल्या अंगावर घेतले. हिलचा त्यात हिस्सा नाही.

तथापि माळाने स्वतः काही वचन दिले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे लागते. निकोडेमस शंभराव्या रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेस आहे, आणि याच सुमारास, १८७८ मध्ये, जॉन वेस्ली पॉवेलने आपल्या सरकारी अहवालात बजावले होते की त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस पाऊस वीस इंचांच्या आत राहतो व तेवढ्यावर नेहमीची शेती भरवशाची होत नाही. पण नांगराच्या मागोमाग पाऊस येतो, माणसाने माती उलटली की आकाशाला दया येते, असा एक विलक्षण सिद्धांत त्या काळी विद्वानांतही रूढ होता. तो रेल्वे कंपन्यांना आणि भूखंडवाल्यांना फार सोयीचा होता. आपल्याला सोयीची असलेली गोष्ट विधात्याच्याही मनात आहे असे वाटणे ही धार्मिक माणसाची जुनी खोड आहे. नास्तिकांतही ती आढळते.

दुसरे वचन आगगाडीचे. मिसूरी पॅसिफिक कंपनीने आपल्या गावावरून फाटा न्यावा म्हणून लोकांनी १८८७ मध्ये १६,००० डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. गाडी आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ नदीच्या दक्षिणेने पडले, तेथे बोग नावाचे ठाणे झाले आणि निकोडेमसचे दुकानदार एकामागून एक नदी ओलांडून गेले. पुढील इतिहास थोडक्यात सांगण्यासारखाच आहे: अवर्षण, तीसच्या दशकातील धुळीची वादळे, मंदी, १९५३ मध्ये पोस्ट बंद झाले. १९९६ मध्ये संघसरकारने गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले, आणि २०२० च्या खानेसुमारीत तेथे १४ माणसे होती.

या चौदांवरून गाव मेले असे अनुमान काढणारे पाहुणे दरवर्षी जुलैअखेर चकित होतात. त्या दिवसांत डेन्व्हर, टोपीका, कॅलिफोर्निया अशा दूरदूरच्या ठिकाणांहून वंशज उत्सवासाठी येतात. मूळचा हा उत्सव १ ऑगस्टच्या सुमारास, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या १८३४ सालच्या मुक्तीच्या स्मरणार्थ भरत असे. येणाऱ्यांतील बहुतेकांचा जन्म तेथला नाही, शेती तेथे नाही, आणि तरीही आपले गाव कोणते असे विचारल्यास ते निकोडेमस सांगतात. मातीत पावित्र्य असते असे मानणाऱ्याला याचा उलगडा होणार नाही, कारण तीच माती चार मैलांवरही आहे. आणि पावित्र्य ही निव्वळ मनाची कल्पना म्हणणाऱ्यालाही, एवढा पैसा व रजा खर्चून माणसे त्या तापलेल्या माळावरच का जमतात, ते सांगता येणार नाही. पूर्वजांनी अंगावर घेतलेले ऋण आपल्याही खात्यावर आहे असे जेथे गेल्यावर मनुष्याला मान्य करावे लागते, ती जागा मी क्षेत्र मानतो. बाकी देवळे असोत वा नसोत.

एका खात्याची बाकी मात्र या हिशेबात जमत नाही. १८७७-७८ च्या पहिल्या हिवाळ्यात लोक उपाशी मरण्याच्या बेतात असताना शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांच्या टोळीने आपल्या जवळचे मांस त्यांना दिले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हे ओसेज काही वर्षांपूर्वीच कॅन्सासमधून हलविले गेले होते. सॉलोमनच्या ज्या खोऱ्यात पॉनी व शायेन लोक रानगव्यांच्या मागे फिरत, तेथून तेही उठविले गेले होते, आणि म्हणूनच ती जमीन १६० एकरांच्या तुकड्यांनी वाटायला सरकारजमा मोकळी होती. निर्गमाची कथा सांगणारे उपदेशक समुद्र दुभंगण्यापाशी रंगतात आणि कनानात आधीपासून राहणाऱ्यांचा उल्लेख येणारे यहोशवाचे पुस्तक सहसा लवकर मिटतात. स्वतःच्या अंगावरचे जू नुकतेच उतरलेल्या माणसाकडे त्या हिवाळ्यात हा हिशेब मागणे क्रूरपणाचे झाले असते. पण कनानातल्या माणसानेच येऊन इस्राएलाला जेवू घातले, असा प्रसंग कोणत्याही शास्त्राने कल्पिलेला नाही, आणि वचनाचा हक्कदार कोण यावर माझा जो काही सिद्धांत वर झाला त्यालाही तो पचत नाही.

हिलविषयी एवढे सांगायचे राहिले. त्याने त्याच जिल्ह्यात आपल्या नावाचे दुसरे गाव वसविले, त्याला आगगाडी मिळाली, आणि ग्रॅहम जिल्ह्याची कचेरीही तेथेच गेली. निकोडेमसच्या शेतकऱ्याला जमिनीचा दस्त नोंदवायचा असला की आजही हिल सिटीलाच जावे लागते.