अपराधाचे अनुकरण

काही महिन्यांपूर्वी बदलापूर गावी एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला. उल्हास नदीच्या काठचे हे गाव आता मुंबईच्या पसाऱ्यात ओढले गेले आहे. तथापि रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे जुन्या घरांतून अद्याप गप्पांची बैठक जमते. त्या रात्री स्नेह्यांचा पंधरा वर्षांचा नातू एक रहस्यपट पाहत बसला होता. पूर्वी होऊन गेलेल्या एका खुन्याची हुबेहूब नक्कल करीत कोणी दुसराच एकामागून एक खून पाडीत आहे, आणि त्याच्या मागावरील गुप्तहेरास प्रथम असे वाटते की जुनाच गुन्हेगार परत आला. असे त्याचे कथानक. शेवटी खुनी सापडला, आणि गुप्तहेराने त्याच्या हातांत बेड्या न घालता त्यास गोळी घातली. नातू उठता उठता म्हणाला, "बरं झालं! नाहीतर कोर्टात वर्षानुवर्षं केस चालली असती." सूनबाईंची काळजी निराळीच होती. "असलं पाहून मुलं बिघडत नाहीत का हो, काका?" असे त्यांनी मला विचारले.

त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. परंतु परतीच्या गाडीत विचार करू लागलो तेव्हा असे ध्यानात आले, की मातेची भीती एका ठिकाणी होती आणि भिण्याजोगी गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी घडून गेली होती. मुलाने खुन्याचे काही एक उचलले नव्हते. त्याने उचलले होते ते गुप्तहेराचे.

रहस्यकथा वाचून मनुष्य बिघडतो, हा आक्षेप नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी आपल्या हयातीत एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि धनंजय महाराष्ट्राच्या घराघरांत शिरले. ते पुष्कळदा पाठ्यपुस्तकाच्या आड लपून शिरले, कारण वडीलधाऱ्यांची त्यांजवर करडी नजर असे. त्या वाचकांपैकी किती दरोडेखोर झाले? पुढे ते शिक्षक झाले, कारकून झाले, वकील झाले, आणि कित्येकांनी मोकळ्या मनाने सांगितले की आपणांस वाचनाची गोडी लागली ती अर्नाळकरांमुळेच. खुनाची गोष्ट वाचून सामान्य मनुष्य खून करीत नाही, एवढे या अनुभवावरून म्हणावयास हरकत नाही.

तथापि गोष्टीचे अनुकरण मुळीच होत नाही, असे म्हणणेही खरे होणार नाही. गटेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ साली प्रसिद्ध झाली. प्रेमभंगाने आत्मघात करणाऱ्या त्या तरुणाचे अनुकरण वाचक करू लागतील, या भयाने लाइप्झिग शहरात तिच्यावर बंदी घालण्यात आली. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात १८८८ साली स्त्रियांचे खून झाले, त्या वेळी 'जॅक द रिपर' हे नाव जगास मिळाले ते एका पत्रातून. ते पत्र खुद्द खुन्याचे नसून कोणा पत्रकाराची करामत असावी, असा त्या काळच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही संशय होता. त्यानंतर मात्र 'मीच तो' असे सांगणारी शेकडो पत्रे येऊन पडली. सुरी चालविणारा एक. लेखणीने त्याचे सोंग घेणारे शेकडो!

या उदाहरणांवरून अनुकरणाचा एक नियम हाती लागतो. मनुष्य कृत्य पाहून अनुकरण करीत नाही; ज्याच्याशी त्याचे मन एकरूप झाले त्याचे तो अनुकरण करतो. आपल्यासारखेच दुःख ज्याला आहे, किंवा आपल्याला हवी असलेली प्रसिद्धी ज्याला मिळाली आहे, त्याच्या पावलावर पाऊल टाकावे असे दुर्बल मनास वाटते. आता रहस्यकथेत वाचकाचे मन कोणाशी एकरूप होते? खुन्याशी क्वचित. ते रात्रंदिवस मागावर फिरणाऱ्या शोधकाशी एकरूप होते. तेव्हा अशा कथेपासून धोका संभवत असेल तर तो शोधकाच्या बाजूने अधिक संभवतो, हे उघड आहे. खुन्याची नक्कल करणारा एखादाच निघेल. सूड घेणाऱ्याची नक्कल करावयास मात्र गावेच्या गावे तयार असतात, कारण ती करताना आपण सज्जन आहोत असे प्रत्येकास वाटत राहते.

आपल्या महाभारतात याचा दाखला आहे. युद्ध संपले त्या रात्री अश्वत्थामा एका वटवृक्षाखाली जागा होता. झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर एका घुबडाने झडप घालून त्यांचा संहार केला, तो त्याने पाहिला, आणि तीच युक्ती त्याने उचलली. झोपलेल्या छावणीत शिरून त्याने धृष्टद्युम्नास आणि द्रौपदीच्या पाचही पुत्रांस ठार केले. हे कृत्य करताना अश्वत्थामा स्वतःस खुनी समजत नव्हता. शस्त्र खाली ठेवलेल्या पित्याचा वध झाला होता, आणि त्या अधर्माचा आपण बदला घेत आहो, अशीच त्याची समजूत होती. निःशस्त्राचा वध हा ज्यास अक्षम्य अपराध वाटला, त्यानेच निद्रिस्तांचा वध केला! सुडाचे स्वरूप असे आहे. ज्या कृत्याची चीड येऊन मनुष्य निघतो, त्याच कृत्याची प्रत त्याच्या हातून तयार होते, आणि पुष्कळदा ती प्रत मुळाहून अधिक काळी असते.

निद्रितांचा संहार म्हटला की मुंबईच्या जुन्या रहिवाशांस रामन राघवची आठवण होते. १९६५ व १९६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत लोहमार्गाच्या कडेने पदपथांवर आणि झोपड्यांत निजलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर घाव पडले, त्यांपैकी नऊ दगावले. पोलिसांनी संशयावरून रामन राघव नावाच्या एका बेघर मनुष्यास पकडले होते. परंतु पुरावा मिळेना, म्हणून त्याला सोडावे लागले. १९६८ साली पुन्हा तसेच खून सुरू झाले. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांजकडे आली. ऑगस्ट महिन्यात फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून ताब्यात घेतले. पकडल्यावर तो तोंड उघडीना. अखेरीस त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते त्यास देण्यात आले, आणि मग तो बोलू लागला. एकेचाळीस खुनांची कबुली त्याने दिली आणि लोखंडी हत्यार लपविल्याची जागाही दाखविली.

वाचकांनी क्षणभर त्या खोलीची कल्पना करावी. ज्याच्या नावाने शहरातील गरिबांची झोप उडाली होती, तो मनुष्य समोर बसून जेवीत आहे आणि शोधक वाट पाहत आहे. त्या शोधकास संताप आला नसेल काय? परंतु संतापाने ज्याचे तोंड कायमचे बंद झाले असते, त्याचे तोंड संयमाने उघडले. पुढे सत्र न्यायालयाने रामन राघवास फाशीची शिक्षा सुनावली. त्याने अपील करण्याचे नाकारले. तरीही उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करण्यापूर्वी तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाकडून त्याची तपासणी करविली. त्याचे मन असाध्य विकाराने ग्रस्त आहे असा अभिप्राय आला, आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली. येरवड्याच्या कारागृहात त्याने दिवस काढले आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. ज्याने अपीलही केले नाही, त्याच्या वतीने कायद्यानेच शंका घेतली. सुसंस्कृत समाज म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही.

यावर एक सबळ आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या खेपेस त्याला सोडले नसते, तर १९६८ सालचे बळी वाचले असते. हे खरे आहे. आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना हे खरेपण कोणत्याही तत्त्वज्ञानाने पचणार नाही. परंतु सोडले त्या दिवशी हाच खुनी, हे कोणास ठाऊक होते? लोहमार्गाच्या कडेला भटकणारी निराधार माणसे तेव्हाही असंख्य होती. संशय येताच मारावे, असा नियम त्या दिवशी असता तर रामन राघवबरोबर आणखी किती निरपराधी भिकारी गेले असते, आणि खरा खुनी त्यांत सापडला असताच असे कोणी सांगावे? आपणास मागाहून कळलेली गोष्ट शोधकास आधी कळलेली असते, हा कथेचा सोयीस्कर भ्रम आहे. पडद्यावर खुनी कोण, हे प्रेक्षकास स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. म्हणून तेथे न्यायालय निरर्थक वाटते. जगात ते तसे दिसत नाही, म्हणूनच न्यायालय लागते.

चित्रकारांपैकी जे विचारी आहेत, त्यांना हा भेद समजलेला आहे. अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' हा चित्रपट २०१६ साली आला. जुन्या रामन राघवचे वेड घेतलेला एक खुनी आणि त्याचा पाठलाग करणारा व्यसनी पोलीस अधिकारी, यांची ती कथा. पाठलाग पुढे जातो तसतसा पाठलाग करणाराच खुन्याची प्रत होत जातो, आणि अखेरीस अधिकाऱ्याच्या हातून झालेली एक हत्या खुनी आनंदाने आपल्या शिरावर घेतो. आपला जोडीदार आपणास सापडला म्हणून! त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' प्रदर्शित झाला. पुण्यात पत्नी व मुलगा गमावलेला नायक याच गावी येऊन राहतो आणि पंधरा वर्षे सुडाची वाट पाहतो. तो खुन्याच्या साथीदारास मारतो, आणि जिचा त्या गुन्ह्याशी संबंध नव्हता अशा त्याच्या पत्नीसही मारतो. ते खून मूळचा गुन्हेगार, स्वतः मरणाच्या दारी उभा असता, आपल्या नावावर घेतो. दोन्ही चित्रपटांत गुन्हेगाराची भूमिका नवाझुद्दीन सिद्दीकी या एकाच नटाने केली आहे, आणि दोन्हींचे सार एकच आहे: सुडाचा रस्ता संपतो तेथे खुनी कोण आणि सूड घेणारा कोण, हे नावांची अदलाबदल झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

असे असूनही त्या चित्रपटाचे नाव गावास चिकटले ते उलट्या अर्थाने. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापुरातील एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. तो संताप न्याय्य होता. त्यावाचून यंत्रणा जागी झाली असती की नाही, याची शंकाच आहे. परंतु २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत 'बदला पुरा' अशी फलके झळकली. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी घालावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. बळाचा तो वापर समर्थनीय नव्हता, असे म्हणून त्याने पाच पोलिसांस त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरले.

मृत मनुष्याविषयी दयेचे आवाहन करण्यासाठी हे लिहिलेले नाही. खटला हा केवळ आरोपीचा हक्क आहे, ही समजूतच चुकीची आहे. तो त्या मुलींचाही हक्क होता. त्यांचे म्हणणे खरे आहे, असे न्यायासनावरून त्याच्यासमोर सांगितले गेले असते, तर ते वाक्य त्यांना जन्मभर पुरले असते. गोळीने ते वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच पुसून टाकले, आणि आपण त्यालाच न्याय समजून समाधान मानले.

बदलापूर या नावाविषयी एक आख्यायिका सांगतात. या वाटेने जाणारे स्वार येथे आपले थकलेले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. ती खरी असो वा नसो, तिचा अर्थ मला गोड वाटतो. लांबच्या वाटेवर मनुष्य थकला म्हणजे त्याने घोडा बदलावा, वाट सोडू नये. न्यायाची वाट लांब आहे, तिच्यावर माणसे थकतात, पिढ्या खपतात; त्याला उपाय अधिक न्यायाधीश, जलद खटले, प्रामाणिक तपास हा आहे. 'बदल' या शब्दास एक काना जोडला की 'बदला' होतो, आणि त्या एका कान्याच्या मोहात आपण वाटच सोडून देतो.

सूनबाईंना मी मागाहून पत्र लिहिले. मुलाला असले चित्रपट पाहू द्यावे. चोरून पाहण्यापेक्षा ते बरे. मात्र जवळ बसावे, आणि चित्रपट संपल्यावर एवढेच विचारावे, की गुप्तहेराने खुन्यास पकडले तेव्हा त्याचे काम संपले होते, मग तो तेथेच का थांबला नाही? अश्वत्थाम्यास जिवंत सोडून त्याच्या मस्तकावरील मण्यावर समाधान मानणारी द्रौपदी दुबळी होती काय, हेही विचारावे. तिचे पाचही पुत्र गेले होते. जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा अजून हिंडतो, असे आपल्याकडे म्हणतात. तो कोणाच्या दारी येऊन उभा राहील, हे सांगता येत नाही.