गृहस्थाचे धन आणि धर्म

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बलिराजास सांगतात की, धर्म, यश, अर्थ, काम व स्वजन असे धनाचे पाच विभाग करणारा मनुष्य इहलोकी व परलोकी सुख पावतो. यांतील अर्थाचा विभाग म्हणजेच पुढील काळाची तरतूद होय. वार्धक्याचा विचार तारुण्यातच करावा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना १९६८ साली निघाली. तिची मुदत १५ वर्षांची असून ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. तिशीत लावलेले असे रोप साठीत सावली देते.

कराविषयी मात्र पुष्कळांची बुद्धी मोहित होते. उत्पन्न लपवावे आणि त्यातूनच देवास मुकुट अर्पण करावा, हे दान नव्हे. घेतलेले परत न देता भोगणाऱ्यास भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. कायद्याने दिलेली सूट अवश्य घ्यावी. खोटा हिशेब लिहू नये.

निवृत्तीनंतर ममत्व सोडावे, परंतु निर्वाहापुरते धन स्वतःजवळ ठेवावे. सर्वस्व मुलांच्या नावे करून मग त्यांच्या तोंडाकडे पाहत बसणे हे वैराग्य नव्हे, अविचार होय. धन निर्वाहासाठी आणि चित्त भगवंतासाठी, हीच गृहस्थाची खरी वाटणी.