सरपंच थेट, पण तिजोरीच्या चाव्या?

सरपंच निवडायची रीत महाराष्ट्रात पाच वर्षांत तीनदा फिरली. 2017मध्ये थेट जनतेतून, 2020मध्ये पुन्हा सदस्यांतून, 2022मध्ये परत थेट. तिन्ही निर्णय मुंबईत झाले. सरपंच निवडायचा कसा यावर एवढी घुसळण. निवडून आल्यावर त्याच्या हाती काय, यावर मात्र अळीमिळी गुपचिळी.

73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय नोंदवले. सोपवायचे की नाही, ते राज्यावर सोडलं. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26साठी 60 टक्के निधी ‘बंधित’ ठेवला, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. गावाची निकड दुसरीच असली तरी तिला उरलेल्या हिश्शातच बसवायचं.

पुणे जिल्ह्यातल्या अवसरी बुद्रुकच्या पंचक्रोशीतल्या बिबट्याचंच घ्या. शेतीची वीज रात्री आली की उसाच्या फडाकडे अंधारात पाणी धरायला जायचं म्हणजे जीव मुठीत. पिंजरा हवा म्हणून लोक आधी सरपंचाचं दार वाजवतात. तो काय करणार? वनखात्याला पत्र लिहिणार. कायद्याने बिबट्या पकडायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यायची, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला. हा अधिकार गावाला द्या असं मी म्हणणार नाही. तिथे जाणकारच हवेत. पण शेतीची वीज दिवसा की रात्री, यात तरी गावाचा शब्द चालावा की नाही?

आपल्याकडच्या शहरांची गतही वेगळी नाही. लंडनचा महापौर 2000पासून लोक थेट निवडतात आणि शहराची वाहतूक त्याच्या अखत्यारीत असते. पुण्याचा महापौर नगरसेवकांनी निवडलेला, अडीच वर्षांचा, कारभार आयुक्तांचा. मार्च 2022नंतर तर पुण्यात तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, मग पाच-पंचवीस जणांत विषय मंजूर. कित्येक गावांत सह्यांची वही नंतर घरोघर फिरते, आणि ठराव न वाचता आपण अंगठ्याशेजारी अंगठा उठवतो. घरपट्टी थकवायची ती वेगळीच. ज्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न नाही, तिला वरून येणाऱ्या पैशाबरोबर वरचा हुकूमही घ्यावा लागतो. थेट सरपंचाने यात एक धोका वाढतो: बाकी सदस्य नामधारी झाले, तर त्याला जाब विचारायला ग्रामसभाच उरते. ती ओस पडली की गावात एकट्याचं राज्य.

येत्या ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा. बंधित किती, अबंधित किती, घरपट्टी किती वसूल झाली, हे आकडे मोठ्याने वाचायला लावा, आणि इतिवृत्तात लिहून झाल्यावरच सही करा.