चुकलेला ठोका

शरीराच्या बाबतीत आपल्या मराठी भाषेने मोठी गंमत करून ठेवली आहे. काळीज म्हणजे मुळात यकृत. पण माया दाटली की तुटते ते काळीज, आणि अपरात्री दारावर थाप पडली की ज्याचा ठोका चुकतो तेही काळीजच. हा वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणे वापरतो, की काही माणसांचा ठोका खरोखरीच चुकत असतो, आणि दारावर थाप न पडताही चुकत असतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्या माणसांपैकी मी एक आहे.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा कसला विषय काढला, म्हणून कुणी नाक मुरडील. पण सारे कुटुंब एकत्र जमते ते ह्याच दिवसांत. आणि त्या जमलेल्यांत एखादे माणूस असे असतेच, की जे हसता हसता हळूच आपल्या मनगटावर दोन बोटे टेकवून पाहते. त्या माणसासाठी, आणि त्याच्या शेजारी बसून चिवडा खाणाऱ्यांसाठी, मी हे लिहितो आहे.

आमच्या जठारपेठेतली वैशाखातली दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला तिचे वर्णन सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला, रस्ता निर्मनुष्य, कूलरची घरघर तेवढी चालू. अशाच एका दुपारी छातीत काही तरी अडखळल्यासारखे झाले. एक ठोका जणू गळला, क्षणभर सारे थांबले, आणि मग एक ठोका असा जोराने बसला की आतून कुणी दार ठोठावावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरांनी आलेख काढला, ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहिले, चोवीस तास छातीवर एक लहानसे यंत्र बांधून सगळ्या ठोक्यांची मोजदाद केली. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाचे १,००,८०० होतात. त्यांत माझे काही शेकडा ठोके बेशिस्त निघाले. "हृदयाची ठेवण उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "खालच्या कप्प्यातून अधूनमधून जादा ठोका येतो, एवढेच. उन्हात घामावाटे क्षार जातात, ते सांभाळा. चहा कमी करा. झोप पुरेशी घ्या. बाकी काही करायचे नाही."

हे 'काही करायचे नाही' पचवणे सगळ्यांत अवघड. गोळी दिली असती तर ती घेतल्याचे तरी समाधान लाभले असते. मी दिवसातून वीस वेळा नाडी पाहू लागलो. शेवटी शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्याच, "काऊन मास्तर, घडीघडी मनगटच काऊन पाहून राह्यले? घड्याळ तं दुसऱ्या हातात हाये!"

ह्या भीतीला वंशपरंपरा आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चाली फार रम्य रीतीने सांगितल्या आहेत: वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. पण जी थांबत थांबत चालते, ती प्राण घेणारी, असेही तिथे बजावले आहे. वैद्याने मनगट धरून कपाळाला आठी घातली की घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत, तो ह्या वचनाचाच वारसा. ते वचन अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यापाशी बोटांखेरीज दुसरे साधन नव्हते, त्यांना थांबणारी प्रत्येक नाडी सारखीच भासणार. आज आपल्याला ठाऊक आहे, की थांबण्या-थांबण्यांत अंतर असते.

हे अंतर समजून घ्यायचे तर हृदयाचा कारभार थोडा पाहिला पाहिजे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. कीथ आणि फ्लॅक ह्या दोघा ब्रिटिशांनी १९०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथून विजेची सूक्ष्म लहर निघते, मधल्या चौकीवर क्षणमात्र थबकते, आणि मग खालच्या दोन्ही कप्प्यांत पसरून त्यांना आकुंचित करते. गावच्या कारभारासारखेच हे आहे. हुकूम पाटलाचा, पण पाटील झोपला तर चौगुल्याने काम चालवावे अशीही सोय आहे. अडचण येते ती चौगुल्याला अधूनमधून घाई झाली म्हणजे. पाटलाचा हुकूम यायच्या आधीच तो एक ठोका देऊन मोकळा होतो.

म्हणजे ज्याला आपण चुकलेला ठोका म्हणतो तो खरे पाहता चुकलेला नसतोच, तो लवकर आलेला असतो. कप्पा पुरता भरण्याआधीच तो आल्यामुळे दुबळा पडतो आणि मनगटापर्यंत पोचत नाही. त्याच्या मागून येणारा ठोका उशिरा येतो; तोवर कप्पा काठोकाठ भरलेला असतो, म्हणून तो छातीत दणका देतो. आणि ह्यात मला सर्वांत नवल वाटले ते असे, की वरच्या पाटलाला ह्या गडबडीची बहुधा दादच नसते. तो आपल्या हिशेबाने चाललेलाच असतो, आणि थांबण्यानंतरचा ठोका बरोबर त्याच जागी पडतो, जिथे तो एरवीही पडला असता. भजनात एखाद्या हौशी टाळकऱ्याने मध्येच टाळ वाजवावी, चार माना वळाव्यात, पण मृदंगाची सम मात्र आपल्या जागी यावी, तसे.

हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली, आणि एक प्रश्न उभा राहिला. नियमित ते चांगले, अनियमित ते वाईट, हे आपल्याला कुणी शिकवले?

ह्या समजुतीची फार मोठी किंमत एकदा मोजली गेली आहे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यात असे जादा ठोके पुष्कळ असले तर मृत्यूचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी पाहिले होते. तेव्हा ठोके दाबून टाकले की धोका टळेल, असा सरळ तर्क झाला. औषधे होती, ती ठोके दाबतही होती, आलेख नीटनेटके दिसत होते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात हा तर्क तपासून पाहिला. अशा रोग्यांचे दोन गट केले. एकाला खरे औषध, दुसऱ्याला नुसती गोळी. १९८९ साली ही औषधे मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ दगावले होते, नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. आलेख सुधारले होते आणि माणसे जास्त मेली होती.

मला वाटते, हा धडा केवळ वैद्यकाचा नाही. घरात, शाळेत, समाजात आपण हेच करीत आलो आहोत. मूल वेगळे वागले, सून वेगळे बोलली, कुणी रुळावेगळे जगू लागले की ते सरळ करण्याची आपल्याला घाई होते. वाकडे दिसते ते सरळ झाले की आतले दुखणे बरे झाले, असे आपण धरून चालतो. पण दिसणारी अनियमितता हा पुष्कळदा आजार नसतो. कधी ती आजाराची खूण असते, आणि कधी निव्वळ स्वभाव असतो. निरोगी हृदयसुद्धा घड्याळासारखे चालत नाही. श्वास आत घेताना ते किंचित धावते, सोडताना किंचित विसावते. लहान मुलांत तर हे स्पष्ट जाणवते. काही आजारांत ही लवचीकता नाहीशी होते आणि नाडी यंत्रासारखी एकसुरी होऊन बसते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मी वाचकांना खोटा दिलासा दिल्यासारखे होईल. सगळेच चौगुले निरुपद्रवी नसतात. जादा ठोक्यांची माळच लागली, चक्कर येऊन माणूस पडला, धाप लागली, छाती दुखली, किंवा घराण्यात कुणी तरुण माणूस एकाएकी गेले असेल, तर 'काही करायचे नाही' हे वाक्य आपले आपण म्हणू नये. ते डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावे. खालच्या कप्प्यांत कधी असे बंड माजते की प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे थरथरतो, कप्पा आकुंचन पावतच नाही आणि रक्त जागच्या जागी राहते. मग हिशेब मिनिटांचा असतो. समोरचा माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट घेत नाही, असे दिसले तर १०८ क्रमांकाला फोन करावा आणि लगेच त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबीत राहावे. मदत येईतो थांबू नये. घरातल्या प्रत्येक जाणत्याला हे आले पाहिजे.

अशाच एका मृत्यूतून एक यंत्र जन्माला आले. मिशेल मिरोव्स्की हे पोलंडमध्ये जन्मलेले डॉक्टर इस्रायलमध्ये काम करीत असताना १९६६ साली त्यांचे गुरुतुल्य वरिष्ठ ह्याच विकाराने गेले. डॉक्टर चोवीस तास रोग्याच्या छातीतच बसवता आला तर, असा विचार त्यांच्या मनात आला. आणि १९८० च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला तसे यंत्र एका रोग्याच्या शरीरात प्रथम बसवले गेले. मंद हृदयाला ठोका पुरवणारा पेसमेकर त्याच्याही आधीचा, स्टॉकहोममधला, १९५८ चा. तो ज्यांना पहिल्यांदा बसवला त्या आर्ने लार्सन ह्यांनी पुढे एकामागून एक अशी दोन डझनांवर यंत्रे वापरली, आणि आपल्या शल्यवैद्याच्या व यंत्रकर्त्याच्याही मागे राहून ते २००१ साली दुसऱ्याच आजाराने वारले.

पण असे यंत्र महाग असते. छातीतला तो पहारेकरी काही लाखांना पडतो. आणि ठोका काही माणसाची मिळकत पाहून बिघडत नाही. मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ह्यावर एक वाट काढली. अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या किंवा यंत्र बदललेल्यांच्या शरीरांतून काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून, तपासून, त्यांनी गरीब रोग्यांना बसवली. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात ८१ रोगी आणि अशी १०६ यंत्रे आहेत. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. पुढे २०२० साली लॅटिन अमेरिकेतल्या १,०५१ रोग्यांचा असाच हिशेब प्रसिद्ध झाला. नव्या यंत्रांच्या मानाने तिथेही संसर्गात लक्षणीय वाढ दिसली नाही.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. यंत्र एकदाच वापरण्यासाठी बनवलेले आहे, असे बनवणारे म्हणतात. श्रीमंताला नवे आणि गरिबाला मेलेल्याचे, हा कुठला न्याय, असे विचारणारेही आहेत. हा दुसरा आक्षेप मला खरोखर टोचतो. पण त्या गरिबापुढे नवे आणि जुने अशी निवड नव्हतीच. जुने किंवा काहीच नाही, अशी होती. त्याला सारे समजावून त्याची संमती घेतली असेल, देणाऱ्या घराने राजीखुशीने दिले असेल आणि तपासणीत कसूर नसेल, तर ते नाकारायला लावणारा न्याय मला निर्दय वाटतो. मात्र ह्या सोयीकडे बोट दाखवून समाजाने आपली जबाबदारी झटकली, तर तोही अन्यायच होईल.

आपल्याकडे मृताच्या अंगावरचे सोने उतरवतात, त्याचे कपडे गरजूला देतात. त्यात कुणाला विटाळ वाटत नाही. पेसमेकर तर चितेवर ठेवण्याआधी काढावाच लागतो, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते. काढल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्या घडीला कुणाला सुचत नाही, आणि सुचणारही नाही. म्हणून तो आधीच, सारे हसतेखेळते असताना, आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवला पाहिजे. दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे हे काढणे अभद्र, असे ज्यांना वाटेल त्यांनी वडीलधाऱ्यांनाच विचारून पाहावे. त्यांनी ह्याचा विचार आपल्याआधी केलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

भीतीचे एक वैशिष्ट्य असे, की ती माणसाचे बोट त्याच्याच मनगटावर खिळवून ठेवते. आपला पुढचा ठोका येईल की नाही, हे निरोगी माणसालाही ठाऊक नसते. आम्हांला फक्त त्याची आठवण अधूनमधून करून दिली जाते. ती आठवण घेऊन दोन गोष्टी करता येतात. स्वतःची नाडी मोजत बसावे, किंवा दुसऱ्याच्या छातीवर हात कसा ठेवायचा ते शिकून घ्यावे. मी दुसरे शिकलो. काकूंनाही शिकवले, त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जोर आहे. माझे जादा ठोके अजून येतात, वैशाखात थोडे जास्तच. आता मी ते मोजत नाही.