हा तोच कशावरून?

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात दुकानांच्या पाट्या गुजराती असल्या तरी कानावर मराठी पडते, आणि घराच्या ओट्यावर अहिराणी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे कापडाच्या कारखान्यांत कामाला आली आणि इथलीच झाली. उधन्याहून निघणारा ताप्ती मार्ग या वस्तीजवळून जातो आणि त्याच रुळांवर पुढे नंदुरबार, अमळनेर, जळगाव लागते. लग्नकार्य, शेतीच्या वाटण्या, आजारपण या सगळ्याला हीच गाडी. आजारपणात तर अर्धा इलाज गावाकडे आणि अर्धा सुरतेत होतो. त्यामुळे स्कॅन सेंटरच्या खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, जुनी फिल्म आणली का? सीडी आहे का?"

आतल्या खोलीत रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी उघडतात. एकीत जुना स्कॅन, दुसरीत आजचा. दोन्हींवर एकेक बारीक फुली असते. एकीकडची हलवली की दुसरीकडचीही तेवढीच हलते. माउसचे चाक फिरवत डॉक्टर डोक्याच्या एकेका कापातून खाली उतरतात, कुठे तरी थांबतात, दोन पावले मागे येतात, आणि मग म्हणतात, "मागच्या खेपेसारखंच आहे," किंवा "थोडं वाढलंय." नातेवाइकांचा जीव या वाक्यात अडकलेला असतो. पण या वाक्याच्या आधी एक वाक्य आहे, जे कोणीच उच्चारत नाही: हे डोके तेच आहे. ते कशावरून?

हा प्रश्न उगाच उकरून काढलेला नाही. भारतीय दर्शनांनी त्याच्यावर हजारांहून अधिक वर्षे वाद घातला आहे.

आधी पडद्यावर काय दिसते ते पाहावे लागेल. लोक त्याला सरसकट "मेंदूचा फोटो" म्हणतात. फोटो तो नव्हे. एमआरआयच्या नळीत शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला चुंबकीय क्षेत्रात धरतात. 1.5 टेस्लाच्या यंत्रात साधारण 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीने त्याला डिवचतात आणि परत येणारा क्षीण संकेत टिपतात. तो संकेत म्हणजे चित्र नव्हे, नुसत्या लहरी. त्यांतून गणिताने चित्र उलगडावे लागते. शेवटी हाती येतो तो छोट्या छोट्या घनांचा एक ठोकळा. प्रत्येक घनाला व्हॉक्सेल म्हणतात आणि प्रत्येकात एकच आकडा असतो. एक मिलिमीटरचे घन धरले आणि प्रत्येक बाजूस 256, तर ठोकळ्यात सुमारे 1 कोटी 68 लाख आकडे होतात. एकेका घनात हजारो पेशी असतात आणि त्या सगळ्यांच्या वतीने तो एक आकडा बोलतो.

न्यायशास्त्राच्या भाषेत हे प्रत्यक्ष नसून अनुमान आहे. डोंगरावरचा धूर पाहून अग्नी ओळखावा तसे इथे संकेतावरून पाणी ओळखतात आणि पाण्यावरून पेशीजाल. दिसते मात्र इतके स्वच्छ, की आपण काही अनुमान करतो आहोत याचा विसरच पडतो.

आता तुलना. तीन वर्षांपूर्वी रुग्णाने मान किंचित डावीकडे कलती ठेवली होती आणि आज ती सरळ आहे. मग दोन्ही ठोकळ्यांतला तोच घन म्हणजे मेंदूतली तीच जागा नव्हे. म्हणून सॉफ्टवेअर एक ठोकळा उचलून दुसऱ्यावर बसवते. त्यासाठी सहा आकडे शोधावे लागतात, तीन सरकण्याचे आणि तीन वळण्याचे. आकडे सापडले की कलणे निघून जाते, आणि जो फरक उरतो तो खरा फरक मानायचा.

वेदान्ताच्या वर्गात बसलेल्याला इथे देवदत्त आठवेल. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो आणि आपण म्हणतो, हा तोच. तेव्हाचे गाव, आताचे गाव, तेव्हाची वेळ, आताची वेळ हा विरोधी भाग टाकायचा आणि उरणारा माणूस धरायचा. याला भागत्यागलक्षणा म्हणतात आणि उपनिषदांतल्या महावाक्याचा अर्थ लावायला अद्वैत्यांनी हीच युक्ती वापरली. सॉफ्टवेअरही स्थळ टाकते आणि डोके धरते. फक्त पुढचे पाऊल उलटे पडते. अद्वैत्याला उरलेले साम्य हवे असते. रेडिओलॉजिस्टला हवा असतो साम्य वजा केल्यावर उरलेला फरक, म्हणजे अद्वैती ज्याला उपाधी म्हणून बाजूला सारेल नेमका तो.

गोम अशी, की सॉफ्टवेअर कोणाचेही डोके कोणावरही बसवू शकते. सहाऐवजी बारा आकडे घेतले की ताणता आणि दाबताही येते. त्याहून लवचीक पद्धतींनी तर एकाच्या मेंदूच्या वळ्या दुसऱ्याच्या वळ्यांच्या बऱ्याच जवळ नेता येतात. संशोधनात हे रोज चालते. माँट्रिअलमध्ये 152 जणांच्या स्कॅनची सरासरी काढून तयार केलेला मेंदू जगभर मापदंड म्हणून वापरतात आणि तो मेंदू कोणाचाच नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 मध्ये 100 भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा भारतीय मेंदू पाश्चात्त्य आणि इतर पौर्वात्य नकाशांपेक्षा उंची, रुंदी आणि आकारमानाने सरासरीने लहान भरला. त्यावर काही लोक उगाच हिरमुसले. मुद्दा हुशारीचा नव्हता, मापाच्या फुटपट्टीचा होता. पण त्यातून एवढे कळते, की नीट जुळले म्हणजे तेच आहे असे होत नाही. यंत्र किती जुळते ते सांगते. कोणाचे आहे, ते त्याला विचारण्यात अर्थ नाही.

मग कोणाला विचारायचे? न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तीच हाताने चाचपली, असे माणूस म्हणतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रंग कळत नाही. मग "तीच" हे कोणाला कळले? दोघांहून वेगळा, दोन्ही ज्ञाने एकत्र धरणारा कोणी तरी हवा, आणि तो आत्मा, असा नैयायिकांचा युक्तिवाद. एकाच रुग्णाचे सीटी आणि एमआरआय एकमेकांवर चढवतात तेव्हा हाच पेच हुबेहूब उभा राहतो. सीटीला हाड लख्ख दिसते, कवटी पांढरीशुभ्र. एमआरआयमध्ये तेच हाड जवळजवळ काळे आणि मऊ भागांचे बारकावे मात्र स्पष्ट. एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नाही. 1990 च्या दशकात यावर तोड निघाली. आकडे सारखे आहेत का हे पाहायचेच नाही, एका चित्रातला आकडा माहीत झाल्यावर दुसऱ्यातल्या आकड्याचा अंदाज किती नेमका होतो ते पाहायचे आणि तो जिथे जास्तीत जास्त नेमका होईल तिथे थांबायचे. आत्म्याची गरज पडली नाही. निदान जुळवणीसाठी तरी नाही.

बौद्ध पंडित इथे खूश झाला असता. त्याचे म्हणणे पहिल्यापासून हेच होते, की टिकून राहणारा कोणी नसतो, क्षण असतात आणि त्यांची मालिका असते. रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तोच असतो का, हा मिलिंद राजापुढचा दाखला प्रसिद्ध आहे. तोच नाही आणि दुसराही नाही. उलट बाजूने नैयायिक उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेक लिहिला. त्या ग्रंथाचे दुसरे नाव 'बौद्धधिक्कार', यावरून वादाची धग लक्षात यावी.

या वादाला ताप्ती मार्गावर एक घर आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापड गिरणीच्या पैशावर खानदेशात देशभरचे तत्त्वज्ञ राहू लागले. साने गुरुजींचे पायही त्या वास्तूला लागले. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून अज्ञान या एकाच विषयावर 1933 मध्ये पुस्तक काढले. यांतल्या मूर्तींनी पुढे 1955 मध्ये माध्यमिक बौद्ध दर्शनावर जो ग्रंथ लिहिला, तो आजही वाचावा लागतो. अमळनेरचा आणखी एक धागा गमतीचा आहे. 1945 मध्ये याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याची पुढे विप्रो झाली, आणि 1990 पासून विप्रो-जीई ही जोडकंपनी भारतात सीटी-एमआरआयची यंत्रे विकते. आत्म्याची चर्चा आणि मेंदूच्या स्कॅनचे यंत्र यांचे मूळ गाव एक निघावे, हा योगायोगच. त्यातून सिद्धान्त काढू नये.

नैयायिक आणि बौद्ध या दोघांनीही जिथे आपापले पुरावे शोधावेत अशी जागा अलीकडे सॉफ्टवेअरवाल्यांनी, नकळत, तयार करून ठेवली आहे. जुना स्कॅन स्थिर ठेवून नवा त्यावर बसवला तर एक खोट येते. हलवलेल्या ठोकळ्याचे आकडे शेजारच्या आकड्यांवरून नव्याने काढावे लागतात, त्यामुळे तो किंचित बोथट होतो आणि न हललेला धारदार राहतो. मग रोग नसतानाही फरक दिसतो. बोस्टनच्या मार्टिन रॉयटर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेला उपाय असा: दोन्हींपैकी कोणालाच प्रमाण मानायचे नाही. दोन्ही सारखेच हलवायचे, मधोमध आणायचे आणि त्यांतून त्या व्यक्तीचा एक साचा तयार करायचा. मग प्रत्येक स्कॅन त्या साच्याशी ताडायचा. हा साचा त्याच माणसाचा आहे, पण त्याच्या आयुष्यातल्या कोणत्याच दिवसाचा नाही. तसा मेंदू त्याच्या कवटीत कधीच नव्हता.

बौद्ध म्हणेल, पाहा, ज्याला तुम्ही "तोच" म्हणता ती अशीच रचलेली गोष्ट. म्हणणे खरे आहे. पण साचा रचताना कोणते दोन स्कॅन घ्यायचे ते कोणी ठरवले? फाईलच्या माथ्यावरच्या नाव, वय आणि नोंदणी क्रमांकाने. ते तिथे आले खिडकीवर भरलेल्या पावतीवरून. पाटील आडनावाची माणसे जिथे गल्लोगल्ली आहेत, तिथे त्या पावतीवर केवढा भार आहे! आकडेमोडीत हे सॉफ्टवेअर पक्के बौद्ध आहे, पण फाईलच्या कपाळावर नैयायिकाचा टिळा लावल्याशिवाय त्याचे काम सुरूच होत नाही. "तोच" हे तुलनेचे फळ नसून तिची पूर्वअट आहे, आणि ती यंत्राबाहेरून, माणसांच्या व्यवहारातून येते. इथे नैयायिकाची सरशी मानावी लागते, पण अर्धीच, कारण बाहेरून आलेली गोष्ट म्हणजे आत्मा नव्हे, साक्ष आहे.

पाहणाऱ्याचेही तसेच, तोही तोच राहायला हवा. मेंदूतला स्मृतीशी बांधलेला भाग म्हणून ज्याच्याकडे डॉक्टर पहिल्यांदा पाहतात, त्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान अल्झायमरमध्ये वर्षाला सरासरी 4.66 टक्क्यांनी घटते आणि निरोगी म्हाताऱ्यांत 1.41 टक्क्यांनी, असे 2009 च्या एका एकत्रित पाहणीत निघाले. आता दुसरा आकडा. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2012 मध्ये तेच स्कॅन एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढले, तेव्हा नव्या आणि जुन्या आवृत्त्यांत मेंदूच्या भागांची मापे सरासरी 8.8 टक्क्यांनी वेगळी आली. संगणक बदलला तरी थोडा फरक पडत होता. म्हणजे मेंदूत तसूभर बदल न होता नुसते सॉफ्टवेअर अद्ययावत केले, तर कागदावर जवळजवळ दोन वर्षांच्या रोगाएवढा फरक उमटू शकतो. बदल पाहायचा तर पाहणारा स्थिर हवा, ही दर्शनकारांची जुनी अट इथे प्रयोगशाळेच्या नियमांत येऊन बसली आहे: अभ्यास संपेपर्यंत आवृत्ती बदलू नका.

स्मृतिभ्रंश झालेल्या घरात याच प्रश्नाला धार चढते. "आबा आता आबा राहिले नाहीत," असे मुले म्हणतात, आणि त्याच तोंडाने आबांना भात भरवतात. ती दोन विधाने एकत्र कशी नांदतात, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. पेशीजाल किती घटले ते दिसते. कोण घटले ते नाही. देह हाच आत्मा म्हणणाऱ्या चार्वाकालाही इथे उत्तर देणे जड जाईल, कारण 4.66 टक्के देह गेला म्हणून आबा 4.66 टक्के गेले, असे तोसुद्धा म्हणणार नाही. ईश्वरानुभवाचेही असेच. 2006 मध्ये कॅनडात कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथातल्या 15 जोगिणींचा मेंदू तो अनुभव आठवताना तपासला गेला, तेव्हा त्याचे असे एक ठिकाण सापडले नाही, पुष्कळ भाग एकदम उजळले. देवाची जागा सापडली नाही म्हणून कोणी आनंदी झाले, कोणी दुःखी. दोघांनीही व्हॉक्सेलकडून नको ती अपेक्षा केली होती.

तेव्हा नवागामहून गावाकडे किंवा गावाहून नवागामला कागद नेणाऱ्यांनी फिल्मवर भिस्त ठेवू नये. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात, पूर्ण ठोकळा सीडीत असतो. ती मागून घ्यावी. पडद्याच्या डावीकडे रुग्णाची उजवी बाजू दिसते, म्हणून बाजूचे अक्षर पाहावे. जमल्यास पुढची तपासणी त्याच यंत्रावर करावी. आणि जुन्या व नव्या पाकिटावरचे पूर्ण नाव, वय आणि तारीख घरातल्या कोणी तरी स्वतः वाचून पाहावी, कारण ते काम संगणक करत नाही.