तिबिर्याहून आलेले मचवे

शास्त्रपाठ : योहान ६:१६-२७



पाच हजारांच्या भोजनाची कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. प्रभू पाण्यावरून चालत शिष्यांकडे आला त्या रात्रीची कथाही तशीच. पण या दोन कथांच्या पाठोपाठ योहानाने दोन-तीन वचने लिहिली आहेत, त्यांवरून आपली नजर सहज पुढे निघून जाते. दुसऱ्या दिवशी, लोकांनी जेथे भाकर खाल्ली होती त्या जागेजवळ तिबिर्याहून काही लहान मचवे आले. लोक त्यांत बसले आणि येशूचा शोध करीत कफर्णहूमास गेले. एवढेच. यात चमत्कार नाही, दृष्टांत नाही, म्हणून शब्बाथशाळेच्या पाठात हा भाग बहुधा गाळला जातो. आज आपण याच मचव्यांकडे पाहू.

त्यासाठी आधी ते सरोवर आणि त्याच्या काठचे ते शहर पाहिले पाहिजे, आणि तेही पाण्यावरून. शुभवर्तमानाच्या काळी त्या भागातले लोक आपली गावे जितकी रस्त्याने ओळखत, तितकीच मचव्यातून ओळखत.

गालीलचा समुद्र असे आपण म्हणतो, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि जास्तीत जास्त रुंदी १३ किलोमीटर. आपल्या हैदराबादकरांच्या हुसेनसागरापेक्षा कितीतरी मोठे, तरी स्वच्छ हवेत या काठावरून तो काठ दिसावा एवढेच. त्याचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे. भोवती डोंगर, पूर्वेकडे गोलानचे पठार एकदम उभे, आणि उत्तरेला दूर हर्मोनाचे हिमाच्छादित शिखर. अशा खोल परातीत हवा तापते, आणि वरची थंड हवा डोंगरांतल्या घळींतून खाली कोसळते. उन्हाळ्यात सकाळी पाणी शांत असते. दुपारनंतर भूमध्य समुद्राकडचा पश्चिमवारा येऊन पोहोचतो आणि लाटा उसळू लागतात. हिवाळ्यात कधी पूर्वेकडून वारा सुटतो, तो याहूनही वाईट. लाटा आखूड आणि उभ्या असतात; लहान मचव्याला त्या फार त्रास देतात. याच पाण्यावर वाढलेले कोळी शिष्य घाबरले, याचे आश्चर्य वाटायला नको.

सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून मचवा हाकीत निघावे, तर प्रथम हम्मथचे उष्ण पाण्याचे झरे लागतात, आणि लगेच तिबिर्या. आज तेथे उंच हॉटेले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी जुन्या तटाचे काळे दगड. हा काळा दगड आपल्या दख्खनच्या दगडाच्याच जातीचा, ज्वालामुखीतून निघालेला. पुढे आर्बेलचा कडा, त्याखाली मग्दला, मग गनेसरेताची हिरवी सपाटी आणि शेवटी कफर्णहूम. तिबिर्यापासून कफर्णहूमपर्यंत पाण्याने सुमारे दहा किलोमीटर. शांततेच्या काळात यात्रेकरूंना याच वाटेने लाकडी नावांतून नेतात, आणि वाऱ्याचा रंग पाहून नावाडी कधी फेरी आखूडही करतो.

हा मचवा केवढा असे, हेही आता ठाऊक झाले आहे. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी खूप ओसरले असता, गिनोसर येथील दोघा भावांना चिखलात एका जुन्या मचव्याचा सांगाडा सापडला. तो प्रभूच्या काळच्या आसपासचा आहे असे तपासणीत ठरले. लांबी ८ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी २.३ मीटर. फळ्या मुख्यतः देवदाराच्या आणि वासे ओकचे. पण डागडुजीसाठी हाताला लागेल ते लाकूड वापरलेले, एकूण दहाहून अधिक जातींचे. हा प्रभूचाच मचवा, असे म्हणण्यास काही आधार नाही, आणि तसे कोणी सांगू लागल्यास शिक्षकांनी मान डोलावू नये. पण असल्याच ठिगळे लावलेल्या मचव्यांतून शुभवर्तमान त्या किनाऱ्यांना लागले, हे मुलांना खुशाल सांगावे.

आता त्या शहराविषयी. तिबिर्या हे हेरोद अंतिपाने इ. स. २० च्या सुमारास वसविलेले नवे नगर. कैसर तिबिर्य याला खूश करण्यासाठी त्याचे नाव दिलेले. तेथे राजवाडा होता. पण पाया खणताना खाली जुनी थडगी निघाली, म्हणून धर्मनिष्ठ यहूदी तेथे राहण्यास नाखूश होते. इतिहासकार योसेफस सांगतो की, मग हेरोदाने इकडून तिकडून माणसे गोळा केली. काहींना जबरीने आणले. कित्येक अगदी गरीब होते, आणि काही तर दास की स्वतंत्र हेही नक्की नव्हते. त्यांना त्याने घरे बांधून दिली, जमिनी दिल्या, आणि अट घातली की हे नगर सोडायचे नाही. म्हणजे थडग्यांवर उभे राहिलेले आणि भाकरतुकड्याच्या आशेने भरलेले असे ते शहर. प्रभू येशूने त्यात पाऊल ठेवल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत नाही. तो त्याच्या समोरून किती वेळा मचव्यातून गेला असेल!

आणि त्या शहराचे मचवे त्या दिवशी भाकरीच्या जागेजवळ येऊन लागले.

ते का आले, हे योहान सांगत नाही. पण त्या रात्रीचा वारा लक्षात घ्या. लोकांनी भाकर खाल्ली ती जागा बेथसैदाजवळ होती असे लूक म्हणतो (लूक ९:१०), म्हणजे सरोवराच्या ईशान्येस. तेथून शिष्य पश्चिमेकडे निघाले, आणि मार्क सांगतो की वारा त्यांना प्रतिकूल होता (मार्क ६:४८). तर तो वारा पश्चिमेचाच असला पाहिजे. वल्हवून वल्हवून पाच किलोमीटर काटायला त्यांची रात्र गेली. आता तिबिर्याच्या बाजूने पाहा. तिबिर्याहून ईशान्येकडे जाणाऱ्या मचव्याला तोच वारा पाठीचा. शिष्यांच्या तोंडावर आदळणारा वारा तिबिर्याच्या शिडांत भरत होता! वाऱ्याने ते मचवे भरकटत तिकडे गेले असावेत, असेही काही भाष्यकारांना वाटते. हा अंदाज आहे, वचन नव्हे; पण नकाशा पुढे ठेवून पाहिला तर तो चुकीचा वाटत नाही.

शिष्य प्रभूची आज्ञा मोडून त्या वादळात सापडले नव्हते. योनाची गोष्ट वेगळी. येथे प्रभूनेच त्यांना आग्रहाने मचव्यात बसविले होते (मार्क ६:४५). त्या रात्री त्यांतल्या एखाद्याने, 'हा वारा कशाला?' असे विचारले असते, तर कोण काय उत्तर देणार? दुसऱ्या बाजूला कोणाची शिडे भरत आहेत हे मध्यरात्री वल्ही मारणाऱ्याला दिसत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांना हे नवे नाही. १८७६ साली पाऊस रुसला, १८९६ साली रुसला आणि १८९९ साली पुन्हा रुसला. त्या शेवटच्या दुष्काळाला आपले वडीलधारे 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत. १८७६-७८ नंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणारांची संख्या एकदम वाढली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ साली मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून उपाशी मुलींना केडगावी आणले. आज इंदूर, वडोदरा, बेळगाव येथे आपल्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी अनेकांची वंशावळ अशाच एखाद्या कोरड्या सालापाशी जाऊन थांबते. त्या माणसांना गावाने टोमणा मारला, 'हे भाकरीसाठी बाटले.' तो टोमणा चार-चार पिढ्या आपल्या कानांवर आहे. म्हणून काही घरांत दुष्काळाचा विषयच निघत नाही. आजोबांनी पुष्कळ विचार करून, शास्त्र वाचून निर्णय घेतला, असेच मुलांना सांगतात. काही आजोबांनी तसा घेतलाही असेल. बाकीचे भुकेले आले.

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. दुष्काळ देवाने मंडळ्या वाढाव्यात म्हणून पाठविला, असे कोणी व्यासपीठावरून म्हणू नये. त्या सालांत लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्या मरणाचा हिशेब आपल्या हजेरीपटात मांडणे हे देवाच्या नावाला शोभणारे नाही. वादळ का आले, हे योहानही सांगत नाही. त्यातून कोणाचे मचवे कोठे लागले, एवढेच तो लिहितो.

तिबिर्याच्याच किनाऱ्यावर पुढे असे एक काम झाले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे डॉ. डेव्हिड वॉट टॉरन्स तेथे गेले. ज्या मंडळीचे मिशनरी आपल्या नागपूर-पुण्यातही होते, तीच ही मंडळी. १८९४ साली तेथे त्यांचे रुग्णालय उघडले. यहूदी, मुसलमान, ख्रिस्ती, ज्याला ताप येई तो येई. लोक शुभवर्तमानासाठी आले नव्हते, औषधासाठी आले होते. आणि औषध देताना ते तुम्ही कशासाठी आलात याच्या उत्तरावर अवलंबून ठेवलेले नव्हते. १९२३ साली टॉरन्स वारले आणि त्याच गावी पुरले गेले.

आता आपल्या दारात काय होते ते पाहू. मंडळीत एखादे नवे कुटुंब येऊ लागते. मुलगा आजारी असतो, नवऱ्याची नोकरी गेलेली असते, कोणी कर्जात बुडालेला असतो. दोन रविवार होत नाहीत तोच मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते, 'यांना काहीतरी पाहिजे असेल.' अहो, पाहिजे असेलच! वादळात सापडलेला माणूस काठ पाहिजे म्हणूनच काठाला येतो. हे कुजबुजणारे कोण? ज्यांच्या पणजीला केडगावच्या किंवा दुसऱ्या कुठल्या मिशनच्या आवारात पहिल्यांदा पोटभर भाकर मिळाली, तेच. तिबिर्याचे लोक स्वतः हेरोदाच्या फुकट घरांत राहणारे. त्यांनी दुसऱ्याच्या भुकेला नावे ठेवावीत, तसे हे आहे.

प्रभूने त्या लोकांना काय केले ते पुन्हा वाचा. तुम्ही चिन्हे पाहिलीत म्हणून नव्हे, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता, हे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. गोड बोलून त्यांना राखले नाही. पण 'परत जा, मचवे वळवा' असेही म्हटले नाही. जी भाकर नाश पावत नाही तिच्याविषयी त्याने याच लोकांशी बोलणे सुरू केले. भाकरीसाठी आलेल्यांशी भाकरीपासूनच. हे संभाषण निकदेमाशी झालेल्या संभाषणाहूनही लांब आहे. शिक्षकांनी वर्गात दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

आणखी एक. ते लोक येशूला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की आपण येथे केव्हा आलात? (योहान ६:२५). रात्री काय घडले हे त्यांना ठाऊकच नाही. ज्या पाण्यावरून ते आले त्याच पाण्यावरून तो त्यांच्या आधी चालत गेला होता. प्रभू या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

अध्यायाच्या शेवटी पुष्कळ जण त्याला सोडून परत गेले. ही गोष्ट कठीण आहे, असे म्हणून गेले. बारा जण राहिले, आणि त्यांतही एक यहूदा होता. परत गेलेल्यांत तिबिर्याच्या मचव्यांतून आलेले किती होते आणि पहिल्यापासून मागे चालणारे शिष्य किती, हे योहानाने लिहून ठेवलेले नाही. परत गेले ते त्याच्या शिष्यांपैकी होते, एवढे मात्र त्याने स्पष्ट लिहिले आहे (योहान ६:६६).